भूमिका कोणाची, नियम कोणाचे?

आपल्या समीक्षेने खेळाचा विचार फारसा केलेला नाही. कविता, कथा, आत्मकथन आणि नाटक यांच्या चर्चेत आपली बहुतेक शक्ती खर्च झाली. ते योग्यच होते. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले गेले नव्हते ते प्रथमच बोलू लागले होते. परंतु माणसे एकत्र बसून काय खेळतात, कोणाला डावात घेतात आणि कोणाला दूर उभे करतात, यातही समाजव्यवस्था दिसते. गावात विटीदांडूचा डाव रंगलेला असताना कोणाच्या हाताला लागलेली विटी तशीच उचलायची आणि कोणाची नाही, हे पोरांना वेगळे शिकवावे लागत नसे. त्यांनी ते घरीच पाहिलेले असे.

या लेखात एका परदेशी खेळाचा विचार करायचा आहे. इंग्रजीत त्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण त्याला भूमिका-खेळ म्हणू. हा खेळ अमेरिकेत जन्मला. आपल्या शहरांतील महाविद्यालयीन तरुणही आता तो खेळू लागले आहेत. या टेबलाभोवती आम्हाला आपली माणसे मिळाली, असे तो खेळणारे जगभरचे लोक सांगतात. ‘आपली माणसे’ या शब्दाशी दलित वाचकाचे नाते साधे नाही. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी अमेरिकेतील काळ्या बंडखोरांकडून ‘पँथर’ हे नाव घेतले, आपल्या नियतकालिकांनी निग्रो साहित्याची चर्चा केली. तेव्हा अमेरिकेतला खेळ म्हणून त्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मात्र दुरून आलेली वस्तू पारखून घ्यावी लागते. हा आपलेपणा कशाचा बनलेला आहे आणि तो कोणाला मिळतो, हा माझा प्रश्न आहे.

१

आधी खेळ कसा चालतो ते पाहू. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. एकजण कथेची सूत्रे हाती घेतो, तो सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राचे नाव, त्याची ताकद, बुद्धी, चपळाई हे सारे एका कागदावर लिहिलेले असते. सूत्रधार सांगतो : तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दाराशी पोचला आहात, आतून धूर येतो आहे, काय करता? एकजण म्हणतो, मी भिंत चढतो. दुसरी म्हणते, मी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवते. जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा सांगतो. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढच्या आठवड्यावर जाते आणि कधी कधी वर्षानुवर्षे चालू राहते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात लुटुपुटूच्या लढाया खेळणारी मंडळे होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी अशा लढाईत खेळाडूंना सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्यांच्या मंडळातील डेव्ह अर्नेसन यांनी ती कल्पना वाढवली. पुढे विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहान गावचे गॅरी गायगॅक्स त्यांना मिळाले आणि १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपात निघाला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. आज या खेळाच्या नावावर मोठा व्यापार चालतो. तरी मुळात त्याला लागतात माणसे, कागद, पेन्सिल आणि फासे, एवढेच.

२

या खेळात माणूस स्वतःचे नाव स्वतः ठेवतो, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे नाव आधी येते आणि माणूस मागून येतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. हजेरी घेताना माझे आडनाव उच्चारले गेले की मागच्या बाकांवर जी शांतता पसरे, तिचा अर्थ वर्गातल्या प्रत्येकाला कळत असे. आडनाव बदलून शहरात खोली मिळवणारी आणि मग शेजाऱ्यांच्या प्रत्येक प्रश्नाला दचकणारी माणसे आपल्या वाचकांना माहीत आहेत. ज्याला नावच ओझे झाले आहे त्याला, ‘इथे तू कोण असणार ते तू सांग’ असे म्हणणारे टेबल काय वाटेल याची कल्पना करता येते. शरीराने एक आणि मनाने दुसरे असलेल्या तृतीयपंथी तरुणांनी याच टेबलावर आपले खरे नाव प्रथम मोठ्याने उच्चारले, असे अनुभव त्यांनी सांगितले आहेत. त्यांना करमणूक म्हणून बाजूला सारता येणार नाही.

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनियापोलिस परिसरातील खेळाडूंमध्ये बसून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ हा ग्रंथ लिहिला. एकत्र खेळणाऱ्यांची स्वतःची एक छोटी संस्कृती तयार होते, तिच्या आठवणी, विनोद आणि रीती असतात, असे त्यांना दिसले. त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली : टेबलाभोवती बहुतेक तरुण पुरुषच होते, स्त्रिया फार थोड्या होत्या. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आपलेपणाची भूक किती खोल असते हे तुरुंगात कळते. टेक्सासमधील पोलुन्स्की तुरुंगात फाशीची शिक्षा झालेले कैदी दिवसाचे वीसहून अधिक तास एकेकट्या कोठडीत काढतात. तेथील काहीजण हा खेळ खेळत, अशी हकीकत २०२३ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीत प्रसिद्ध झाली. फासे बाळगता येत नाहीत म्हणून त्यांनी आकड्यांच्या फिरक्या बनवल्या, नकाशे हाताने काढले, आणि कोठडीतून कोठडीत ओरडून, चिठ्ठ्या सरकवून गोष्ट पुढे नेली. राज्याने ज्यांचे मरण ठरवून ठेवले होते ती माणसे परस्परांच्या पात्रांना वर्षानुवर्षे जगवत होती.

खेळ ज्या राज्यात जन्मला त्या विस्कॉन्सिनमध्ये मात्र उलटे घडले. वॉपन येथील तुरुंगात २००४ मध्ये या खेळावर बंदी आली. एका कैद्याची पुस्तके आणि त्याने हाताने लिहिलेले ९६ पानांचे कथानक जप्त झाले. तो न्यायालयात गेला. २०१० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने बंदी उचलून धरली. एकजण सूत्रे हलवतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात, यातून टोळीची रचना उभी राहू शकते, हा तुरुंगाधिकाऱ्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मानला. कैदी एकेकटा असणे व्यवस्थेला सोयीचे असते. चारजण एकत्र येऊन दुसरे जग कल्पू लागले की तिला धोका दिसतो. अस्पृश्यांची सभा भरली की गावाच्या पाटलाला काय वाटत असे, हे ठाऊक असलेल्या माणसाला या निकालाचे नवल वाटणार नाही.

म्हणून टेबलावरच्या या आपलेपणाला मी खोटा म्हणत नाही. लोकशाही ही राज्यकारभाराच्या पद्धतीपुरती नसते, ती परस्परांत मिसळून, अनुभव वाटून घेत जगण्याची रीत असते, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडला. त्यामागे कोलंबियातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांचे संस्कार होते. दुसऱ्याचे बोलणे ऐकल्याशिवाय आपली चाल ठरवताच येत नाही, असा हा खेळ आहे. त्या अर्थाने एक टेबल हा बंधुतेचा लहानसा सराव ठरू शकतो. ‘ठरू शकतो’ एवढेच मी म्हणतो, कारण टेबलाभोवती बसण्यापूर्वी एक पुस्तक उघडावे लागते. त्या पुस्तकाकडे आता वळू.

३

१९७४ च्या पुस्तिकांत पात्राला एक ‘वंश’ घ्यावा लागे : माणूस, एल्फ, ड्वार्फ, हॉबिट. माणूस जातीचा योद्धा अनुभवाच्या बळावर कितीही पायऱ्या चढू शके. ड्वार्फ योद्धा सहाव्या पायरीवर अडे आणि हॉबिट योद्धा चौथ्या. त्याने कितीही पराक्रम केला तरी त्यापुढची पायरी त्याच्यासाठी नव्हती, कारण त्याचा जन्म. जन्मावरून पायरी ठरवणारे शास्त्र आपल्या परिचयाचे आहे. १९७८ च्या विस्तारित नियमपुस्तकात तर कोणत्या वंशाला कोणत्या वंशाविषयी काय वाटते याचा कोष्टकच दिला होता. पसंतीपासून द्वेषापर्यंत त्याच्या सहा श्रेणी होत्या. त्याच पुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली होती. अर्ध-ऑर्क जन्मला की त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावातून दोन गुण वजा होत. ऑर्क ही सारी जमातच दुष्ट, आणि काळ्या कातडीचे ‘ड्राऊ’ हेही दुष्ट. त्यांना मारले तर पाप नाही, उलट अनुभवाचे गुण मिळतात.

हे लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असे मी म्हणत नाही. त्यांनी युरोपच्या जुन्या कथा आणि लोकप्रिय साहसकादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यातून जे हाती आले ते त्यांनी आकड्यांत मांडले. पण व्यवस्था टिकायला द्वेषाची गरज नसतेच. माणसाची लायकी त्याच्या जन्माच्या रकान्यात आधीच लिहून ठेवली आणि ती सर्वांनी खेळाचा भाग म्हणून स्वीकारली की काम होते. आरन ट्रॅमेल यांनी ‘द प्रिव्हिलेज ऑफ प्ले’ (२०२३) या ग्रंथात या छंदाची मुळे गोऱ्या, सुस्थित पुरुषांच्या मंडळांत कशी रुजलेली होती हे दाखवले आहे. फाइन यांनी टेबलावर ज्यांची उणीव नोंदवली ते पुस्तकातही उणेच होते. ज्यांना बसवायचे नव्हते त्यांच्यासाठी कोणी पाटी लावली नव्हती. पुस्तक वाचताच त्यांना कळत होते.

येथे या नियमपुस्तकाची तुलना स्मृतीशी करण्याचा मोह होतो. ती अर्ध्यापर्यंतच खरी आहे. मनुस्मृती स्वतःला अपरिवर्तनीय म्हणवते, तिच्यात दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार शूद्रातिशूद्रांना नव्हता. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती जाळावी लागली. या खेळाच्या पुस्तिकांनी मात्र पहिल्यापासून खेळाडूंना सांगितले की नियम तुमच्या सोयीने बदला. पुढे ते खरोखर बदलले. २००० च्या आवृत्तीत वंशानुसार अडणाऱ्या पायऱ्या गेल्या. २०२० मध्ये अमेरिकेत वंशद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा ऑर्क आणि ड्राऊ यांना जन्मजात दुष्ट दाखवणे चुकीचे होते, असे मालक कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने जाहीर केले. २०२२ मध्ये गौरेतर लेखकांनीच लिहिलेला तेरा साहसकथांचा संग्रह तिने काढला. त्याच वर्षी गुलाम केलेल्या माकडसदृश जमातीचे वर्णन छापून तिला माफीही मागावी लागली. २०२४ च्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘प्रजाती’ आला.

शब्द बदलला हे चांगले झाले. परंतु वरून दिलेली सुधारणा आणि खालून घेतलेला अधिकार यांतला फरक आपण विसरू नये. जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीने इतरांना तिच्या नियमांवर आधारित खेळ लिहू देणारा परवाना आवळण्याचा घाट घातला. खेळाडू आणि छोटे लेखक बिथरले, अनेकांनी वर्गणी बंद केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीला माघार घ्यावी लागली आणि नियमांचा गाभा सर्वांना कायमचा खुला करावा लागला. पन्नास वर्षांच्या या इतिहासातला हा प्रसंग मला मोलाचा वाटतो, कारण ज्यांना फक्त भूमिका मिळाली होती त्यांनी येथे नियमांवर हक्क सांगितला.

४

भूमिका आणि नियम यांतला हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. तमाशाच्या बोर्डावर महार-मांगाचा पोरगा रात्री राजा होई, त्याच्या शब्दावर प्रधान हलत, समोरचे गाव टाळ्या वाजवी. सकाळी तोच पोरगा वाड्याच्या पायरीखाली उभा राहून भाकर मागे. भूमिका त्याची होती, पण ती कोठे सुरू व्हावी आणि कोठे संपावी हे गाव ठरवत असे. आंबेडकरी जलसा वेगळा झाला तो येथे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचाच साचा घेतला. पण गण बदलला, सवालजवाब बदलले, समोर कोणाला बसवायचे तेही बदलले. सोंग तेच राहिले, संहिता आपली झाली.

गेल्या वीस वर्षांत काही लेखकांनी भूमिका-खेळाच्या बाबतीत हेच केले. ज्युलिया बाँड एलिंगबो यांच्या ‘स्टील अवे जॉर्डन’ (२००७) मध्ये खेळाडू अमेरिकेतील गुलामांच्या भूमिका घेतात. पात्राला एक ‘मोल’ असते आणि हाती किती फासे यायचे ते त्या मोलावर ठरते. बाजारात माणसाची किंमत ठरते म्हणजे काय, हे येथे भाषणातून सांगितलेले नाही. फासे मोजतानाच ते हाताला कळते. ख्रिस स्पायव्ही यांच्या ‘हार्लेम अनबाउंड’ने (२०१७) एच. पी. लव्हक्राफ्ट या वंशद्वेष्ट्या लेखकाचे भयकथाविश्व उचलले आणि ते १९२० च्या दशकातील काळ्या हार्लेममध्ये आणून ठेवले. ज्या साहित्याने काळ्या माणसाला भीतीचा विषय केले त्यात तो नायक झाला. तेथे समोरच्या माणसाचा वंशद्वेषही नियमांत मोजला जातो, म्हणजे गोऱ्या पात्राला जे काम सोपे ते काळ्या पात्राला अवघड पडते. १९७८ च्या कोष्टकातही द्वेषाची श्रेणी होती. तिथे ती निसर्ग म्हणून आली होती, इथे ती अन्याय म्हणून येते. एकच आकडा, पण तो कोणी लिहिला यावर त्याचा अर्थ बदलतो.

लियम लिवानाग बर्क यांचा ‘डॉग ईट डॉग’ (२०१३) हा मला या सर्वांत धारदार वाटतो. पॅसिफिकमधील एका बेटावर परकी सत्ता आली आहे. सत्तेची भूमिका कोणी करायची? टेबलावर जो प्रत्यक्षात सर्वांत श्रीमंत आहे त्याने. बाकी सारे स्थानिक लोक. नियमांच्या यादीत पहिलाच नियम असा, की स्थानिक लोक हे राज्यकर्त्यांपेक्षा हीन आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर नियम पाळले की मोडले याचा हिशेब होतो आणि यादीत नवा नियम वाढतो. येथे खेळ सुरू होण्याआधीच मुखवटा उतरतो. मित्रांना एकमेकांकडे पाहून विचारावे लागते : आपल्यात श्रीमंत कोण? या प्रश्नाने जी अस्वस्थता पसरते तीच खेळाची खरी सुरुवात. आपण एकत्र बसलो म्हणजे समान झालो, या गोड समजाला हा खेळ थारा देत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. सुखवस्तू माणसाने दोन तास गुलाम व्हायचे आणि मग घरी जाऊन जेवायचे, याला वेदनेची करमणूक का म्हणू नये? सहानुभूती आणि स्वानुभव यांचा जुना वाद येथे पुन्हा उभा राहतो. दलितेतरांनी दलित जीवनावर लिहिले तर ते दलित साहित्य होते काय, यावर आपण कितीतरी पाने लिहिली आहेत. माझे मत असे की भूमिकेने अनुभव मिळत नाही. चटका बसायला हात विस्तवात घालावा लागतो, चित्रातला विस्तव चालत नाही. पण भूमिकेने एक छोटी गोष्ट घडू शकते : जन्मभर नियम करत आलेल्या माणसाला दोन तास दुसऱ्याच्या नियमाखाली बसावे लागते. त्याला दुःख कळत नाही, नियम दिसू लागतो. आपल्या समाजात नियम न दिसणे हाच सवर्णांचा सर्वांत मोठा विशेषाधिकार आहे. तेव्हा एवढेही काही कमी नाही. मात्र त्याच्या पुढचा दावा त्याने करू नये.

‘कायोटी अँड क्रो’ (२०२२) या खेळाने ही मर्यादा स्वतःच आखून दिली आहे. चेरोकी राष्ट्राचे कॉनर अलेक्झांडर यांनी इतर आदिवासी लेखक-कलावंतांसह तो लिहिला. त्यातील अमेरिकेवर युरोपीय कधी आलेच नाहीत. आदिवासींनी आपले शास्त्र, आपली शहरे स्वतः घडवली. जे आदिवासी नाहीत त्यांनाही खेळाचे आमंत्रण आहे, पण त्यांनी आपल्या पात्राला खऱ्या जमातींचा वारसा चिकटवू नये अशी सूचना त्यात आहे. दार उघडे आहे आणि घर कोणाचे आहे तेही स्पष्ट आहे. आलेल्या पाहुण्याला यात अपमान वाटण्याचे कारण नाही. बंधुता म्हणजे सगळ्यांनी सगळे घेणे नव्हे.

५

या विवेचनातून आपल्या विद्यार्थ्यांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी काय निघते? हा खेळ महागड्या पुस्तकांचा आणि इंग्रजी बोलणाऱ्यांचा छंद म्हणून आला आहे, आणि तसाच राहिला तर तो आणखी एक बंद वाडा होईल. एल्फ आणि ड्रॅगन यांच्या जगात आपला तरुण रमला तर मी त्याला दोष देणार नाही. रमण्याचा हक्क त्यालाही आहे. दलित माणसाने नेहमी वेदनाच खेळावी असे कोणी म्हणू नये. पण नवे नाव घेण्यासाठी जुने नाव दाराबाहेर लपवून ठेवावे लागत असेल, तर तो आपलेपणा उसना आहे. आडनाव सांगितल्यावरही ज्या टेबलावर आपली खुर्ची तशीच राहते तेच आपले टेबल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नियम खुले आहेत, कागद-पेन्सिल स्वस्त आहे, आणि गोष्ट सांगणारी माणसे आपल्याकडे कधीच कमी नव्हती. वसतिगृहातल्या खोलीत, अभ्यासिकेत, वाचनालयाच्या ओट्यावर चारजण बसून मराठीत खेळू शकतात. महाडच्या तळ्याकडे निघालेले लोक, गिरणीतील वेगळ्या माठाजवळ उभा राहिलेला कामगार, गाव सोडून प्रथमच शहरात उतरलेली मुलगी, किंवा जात कधी निर्माणच झाली नाही असा एखादा देश, यांच्यावरचे खेळ अजून लिहायचे आहेत. त्यात काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही हे आपण ठरवू. एखाद्या प्रसंगाने कोणाची जखम उघडी पडत असेल तर त्याने हात वर करताच डाव थांबेल, हा पहिला नियम असावा.

आणि सर्व जातींची मुले त्या डावात बसली तर उत्तमच. त्यांच्या खेळाची परीक्षा मात्र फासे पिशवीत गेल्यावर होईल. किल्ला जिंकून झाला, पात्रांचे कागद घडी घालून ठेवले, आता चहा येईल. आपल्या खेड्यांत वेगळी ठेवलेली कपबशी अजून पुरती फुटलेली नाही आणि शहरात ती दिसेनाशी झाली असली तरी मनात शाबूत आहे. त्या चहाच्या वेळी, आणि उद्या त्यातल्या एकाला खोली नाकारली गेली तर त्या वेळी, बाकीचे तिघे काय करतात, यावरून त्यांचा आपलेपणा खरा की खोटा ते कळेल. तेथे फासा टाकायचा नसतो. तेथे माणसाला स्वतःच ठरवावे लागते.